लाइट आल्यावर पीएलसीतला टायमर: मोजायचे काय आणि कुठून

पीएलसीतला साधा ऑन-डिले टायमर वीज गेली की शून्यावर येतो आणि वीज आल्यावर त्याची अट पूर्ण असेल तर पहिल्यापासून मोजू लागतो. म्हणजे वीज आल्यावर टायमर नव्याने सुरू व्हावा एवढीच गरज असेल, तर लॅडरची एक ओळ पुरते: रन स्थितीत कायम चालू राहणारा बिट, आणि त्याच्यापुढे टायमर. अडचण असते ती वेगळीच. टायमर ज्या क्षणापासून मोजतो तो क्षण पीएलसी जागा झाल्याचा असतो, आणि यंत्राला हवा असतो तो त्याचा स्वतःचा सप्लाय परत आल्याचा क्षण. हे दोन्ही एकच आहेत असे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम टेबलावर व्यवस्थित चालतो आणि प्रत्यक्ष पॅनेलमध्ये दगा देतो.

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांना वीज जाणे नवे नाही. पावसाळ्यात फीडर ट्रिप होतो, शनिवारी महावितरणची देखभालीची कामे निघतात, आणि एका क्षणात परतणारा झटका तर कोणत्याही दिवशी बसतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हा प्रश्न अधिक धारदार होतो. जानेवारी ते एप्रिल या हंगामात बागेतून आलेला माल प्री-कूलिंगला लावलेला असतो. तिथे कॉम्प्रेसर जास्त वेळ बंद राहिला तर मालाचे नुकसान होते आणि घाईने चालू झाला तर कॉम्प्रेसरचे. हेच उदाहरण पुढे धरले आहे. मात्र कन्व्हेयर, भट्टी, पंप किंवा हायड्रॉलिक पॉवर पॅक यांनाही तोच विचार लागू पडतो.

चालता कॉम्प्रेसर अचानक थांबला की डिस्चार्ज बाजूला दाब जास्त आणि सक्शन बाजूला कमी, अशी स्थिती काही काळ टिकते. तेवढ्यात मोटर पुन्हा चालू केली तर ती भरल्या दाबाविरुद्ध उठायला पाहते, भरपूर करंट ओढते आणि ओव्हरलोडवर ट्रिप होते. असे वारंवार झाले की वाइंडिंग जळते. म्हणून फ्रिऑनवरच्या लहान-मध्यम यंत्रांत साधारण तीन ते पाच मिनिटांची विश्रांती देतात. नेमका आकडा कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेतून घ्यावा. पुढच्या विवेचनात तो पाच मिनिटे मानला आहे.

पीएलसी सुरू झाल्याची खूण बहुतेक सर्व कंपन्या एका खास बिटाने देतात. रन सुरू झाल्यावर तो फक्त पहिल्या स्कॅनपुरता चालू असतो. सीमेन्सच्या एस७-२०० मध्ये तो एसएम०.१ आहे. एस७-१२०० मध्ये सिस्टिम मेमरी बाइट चालू करून नेहमीचा पत्ता ठेवला तर एम१.०, आणि त्याखेरीज सुरुवातीला एकदाच चालणारा ओबी१०० हा ब्लॉकही मिळतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एम८००२, डेल्टाच्या डीव्हीपीत एम१००२, ॲलन-ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्समध्ये एस:१/१५ आणि कॉम्पॅक्टलॉजिक्समध्ये एस:एफएस, श्नायडरच्या एम२२१ मध्ये %एस१३. नावे वेगळी, काम एकच.

या बिटाने टायमर चालवताना नवशिक्याची हमखास फसगत होते. तो फर्स्ट-स्कॅन बिट थेट ऑन-डिले टायमरच्या इनपुटला लावतो. पहिल्या स्कॅनला टायमर सुरू होतो, दुसऱ्या स्कॅनला बिट जातो, टायमर शून्यावर येतो आणि पाच मिनिटे कधीच पूर्ण होत नाहीत. स्कॅन काही मिलिसेकंदांचा असतो, ऑन-डिले टायमरला मात्र इनपुट पूर्ण वेळ टिकलेले लागते. यावर दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे इनपुटला फर्स्ट-स्कॅनऐवजी कायम चालू असणारा बिट लावणे: एफएक्समध्ये एम८०००, एस७-२०० मध्ये एसएम०.०, एस७-१२०० मध्ये एम१.२. दुसरा म्हणजे फर्स्ट-स्कॅन बिटाने पल्स टायमर, म्हणजे टीपी, चालवणे. टीपीला इनपुटचा एक क्षण पुरतो आणि ठरलेला वेळ त्याचे आउटपुट चालू राहते. ‘वीज आल्यावर अमुक सेकंद अलार्म दाबून ठेवा’ अशा कामाला टीपी उत्तम. तापमानाची मॉड्युल्स पहिल्या क्षणांत भलतेच आकडे दाखवू शकतात आणि ड्राइव्हला जागे होऊन संपर्क जोडायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात उठलेले खोटे अलार्म ऑपरेटरला अलार्मकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. म्हणून हा छोटा टायमर प्रत्येक प्रोग्राममध्ये असावा.

तिसरा एक मार्गही वापरात दिसतो: फर्स्ट-स्कॅनने एखादा बिट सेट करून ठेवणे आणि त्या बिटाने टायमर चालवणे. तो चालतो, पण सेट केलेला बिट वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत पडला तर पुढच्या वेळी गोंधळ होतो. साधा मार्ग उपलब्ध असताना हा घेण्याचे कारण नाही.

इथे टिकाऊ टायमरबद्दल स्पष्टता हवी. एस७-१२०० चा टीओएनआर, ॲलन-ब्रॅडलीचा आरटीओ, एफएक्समधले टी२५० ते टी२५५ हे टायमर मोजलेला वेळ जपून ठेवतात आणि रीसेट दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. एस७-१२०० मध्ये साध्या टीओएनचा डेटा ब्लॉकसुद्धा रिटेन करून ठेवता येतो, आणि चुकून तसे केले तर वीज आल्यावर टायमर जुन्या वेळेपासून पुढे जातो. कॉम्प्रेसरच्या विश्रांतीसाठी हे घातक आहे. चार मिनिटे पन्नास सेकंद मोजून झाल्यावर वीज गेली, दोन तासांनी आली, आणि व्होल्टेज स्थिर होण्याआधी दहाच सेकंदांत कॉम्प्रेसरला परवानगी मिळाली, असे घडू शकते. विश्रांतीचा टायमर साधाच असावा आणि त्याची मेमरी टिकाऊ नाही याची खात्री करून घ्यावी.

आता मूळ मुद्दा. फर्स्ट-स्कॅन बिट आणि कायम चालू बिट दोन्ही पीएलसीबद्दल सांगतात, मोटरच्या सप्लायबद्दल नाही. पॅकहाऊसमध्ये पीएलसी आणि पॅनेलवरची स्क्रीन बहुधा लहान यूपीएसवर असते. तीन फेज गेल्या तरी पीएलसी जागाच राहतो. लाइट येते तेव्हा त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, फर्स्ट-स्कॅन येत नाही, पाच मिनिटांचा टायमर कधीच पूर्ण झालेला असतो आणि कॉम्प्रेसर लगेच उठतो. ज्या टायमरवर सगळा भरवसा होता तो ऐन वेळी कामाचा राहत नाही.

यूपीएस नसला तरी हाच प्रकार लहान झटक्यात होतो. ५० हर्ट्झवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. पीएलसीच्या उपकरणांसाठीच्या आयईसी ६११३१-२ या मानकानुसार एसी सप्लायवरच्या पीएलसीने १० मिलिसेकंदांचा खंड न डगमगता सोसला पाहिजे, आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस हलक्या लोडवर त्याहून बराच अधिक वेळ तग धरतो. एसी कॉन्टॅक्टरची सोशिकता तेवढी नसते. कॉइलचे व्होल्टेज ठरावीक मूल्याच्या २० ते ७५ टक्क्यांदरम्यान कुठेतरी उतरले की तो सुटतो. म्हणून झटक्यात कॉन्टॅक्टर पडतो, पीएलसी मात्र चालू राहतो. पीएलसीचे आउटपुट अजून चालूच असल्याने व्होल्टेज येताच कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो. कॉम्प्रेसर अर्ध्या सेकंदात थांबून परत उठण्याचा प्रयत्न करतो, आणि टाळायचे होते नेमके तेच घडते.

उपाय दोन खुणांचा आहे, आणि दोन्ही पीएलसीला इनपुट म्हणून द्याव्या लागतात. पहिली म्हणजे फेज फेल्युअर रिले, ज्याला कारागीर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणतात, त्याचा मोकळा कॉन्टॅक्ट. तिन्ही फेज हजर, क्रम बरोबर आणि व्होल्टेज मर्यादेत असेल तेव्हाच तो बंद असतो. दुसरी म्हणजे कॉम्प्रेसरच्या मुख्य कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर खरोखर ओढलेला आहे की नाही याची साक्ष. अनेक पॅनेलांत पहिली खूण असते आणि दुसरी वायर वाचवण्यासाठी सोडून दिलेली असते. ती बचत महागात पडते.

प्रोग्राम असा रचावा. फेज रिलेचे इनपुट तीन सेकंद सलग टिकले तर ‘सप्लाय ठीक’ हा बिट चालू व्हावा आणि इनपुट जाताच तो तत्काळ बंद व्हावा. हा पहिला ऑन-डिले टायमर. दुसरा ऑन-डिले टायमर पाच मिनिटांचा. त्याची अट: ‘सप्लाय ठीक’ आहे आणि कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर सुटलेला आहे. या एका ओळीत दोन गोष्टी साधतात. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर बंद केला तर थांबल्यापासून पाच मिनिटे मोजली जातात, आणि वीज गेली असेल तर वीज स्थिर झाल्यापासून. यांतले जे नंतर घडेल तिथून मोजणी सुरू होते. पीएलसी स्वतः बंद पडून उठला तरी टायमर शून्यावरूनच निघतो, त्यासाठी फर्स्ट-स्कॅनची गरजही उरत नाही. लाइट दोन-तीनदा ये-जा करत असेल तर प्रत्येक वेळी मोजणी नव्याने लागते. तेच हवे असते.

कॉम्प्रेसरचे आउटपुट लिहिताना एक बारकावा सांभाळावा लागतो. कॉम्प्रेसर चालू झाला की दुसऱ्या टायमरची अट तुटते आणि तो शून्यावर येतो. आउटपुट नुसते टायमरवर टांगले असेल तर कॉम्प्रेसर चालू होताच बंद पडेल. म्हणून टायमर पूर्ण झाल्याच्या बिटाला समांतर कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट द्यावा: ‘टायमर पूर्ण झाला किंवा कॉन्टॅक्टर ओढलेला आहे’, आणि सोबत ‘सप्लाय ठीक’, थर्मोस्टॅटची मागणी, हाय-लो प्रेशर स्विच, ओव्हरलोड. आता झटक्याचा प्रसंग पाहावा. कॉन्टॅक्टर सुटला, सहायक कॉन्टॅक्ट उघडला, टायमर तर शून्यावरच आहे, त्यामुळे दोन्ही समांतर वाटा बंद झाल्या. पुढच्याच स्कॅनला पीएलसी स्वतः आउटपुट काढून घेतो आणि पाच मिनिटे मोजू लागतो. फेज रिलेला त्याच्या स्वतःच्या विलंबामुळे जो झटका कळलाही नसता, तो कॉन्टॅक्टरने सांगितला. इनपुटच्या फिल्टरला आणि स्कॅनला लागणारे काही मिलिसेकंद मात्र उरतात. अगदी निसटत्या झटक्यात कॉन्टॅक्टर तेवढ्यात परत ओढला जाऊ शकतो, म्हणून या इनपुटचा फिल्टर कमीत कमी ठेवावा.

सहायक कॉन्टॅक्टची वायर तुटली तर हे सगळे संरक्षण मुकाट्याने नाहीसे होते. टायमरला कॉन्टॅक्टर कायम सुटलेलाच दिसतो, तो पूर्ण झालेल्या स्थितीत बसून राहतो आणि आउटपुट चालूच राहते. म्हणून आउटपुट दिल्यावर एका सेकंदात सहायक कॉन्टॅक्ट आला नाही तर आउटपुट काढून अलार्म द्यावा. ही ओळ टाळू नये.

पॅकहाऊसमध्ये जनरेटर असतोच. लाइट गेली की ऑटो चेंजओव्हर पॅनेल जनरेटर सुरू करून लोड त्याच्यावर नेते, आणि महावितरणचा सप्लाय परत आला की काही वेळाने लोड उलट फिरवते. एका वीजखंडात कॉम्प्रेसरला असे दोन थांबे बसतात, आणि दुसरा थांबा क्षणभराचा असतो. ऑपरेटरला वाटते, ‘लाइट तर मघाशीच आली, आता कशाला थांबायचे?’ पण लोड फिरताना कॉन्टॅक्टर पडलेला असतो आणि दाब कायम असतो. वरच्या रचनेत दोन्ही थांबे आपोआप पकडले जातात. फर्स्ट-स्कॅनवर बेतलेल्या रचनेत दुसरा थांबा हमखास निसटतो.

वीज किती वेळ गेली होती, हेही कधीकधी महत्त्वाचे असते. कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमध्ये तेल गरम ठेवणारा हीटर असतो. वीज काही तास गेली तर तेल थंड होते, त्यात रेफ्रिजरंट मिसळते, आणि तशात कॉम्प्रेसर चालू केला तर तेल फेसाळून बेअरिंग कोरडी पडतात. अशा वेळी पाच मिनिटे पुरत नाहीत. हीटरला उत्पादकाने सांगितलेले तास द्यावे लागतात. त्यासाठी पीएलसीच्या घड्याळाची वेळ दर मिनिटाला टिकाऊ मेमरीत लिहीत राहावे आणि सुरुवातीला आताच्या वेळेशी वजाबाकी करावी. पीएलसी यूपीएसवर असेल तर ‘सप्लाय ठीक’ बिट गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदवणे पुरेसे. मात्र घड्याळावर आंधळा विश्वास नको. एस७-१२०० चे घड्याळ वीज नसताना साधारण २० दिवस टिकते. इतर अनेक पीएलसींत बॅटरी असते आणि ती संपली की घड्याळ भलत्याच वर्षावर जाते. वजाबाकी उणे आली किंवा अशक्य वाटावी इतकी मोठी आली, तर वीज दीर्घकाळ गेली होती असेच समजून तासांचा विलंब लावावा. टिकाऊ मेमरी आणि फ्लॅश कार्ड यांतही फरक करावा. कार्डावर दर मिनिटाला लिहिल्यास त्याचे आयुष्य लवकर संपते.

तासांचा विलंब मोजताना टायमरची मर्यादा आड येते. एफएक्सचा १०० मिलिसेकंदांचा टायमर जास्तीत जास्त ३२,७६७ पर्यंत, म्हणजे ३,२७६.७ सेकंद, जेमतेम ५५ मिनिटे मोजतो. पाच मिनिटांसाठी ३,००० ही किंमत ठीक, आठ तासांसाठी मात्र एम८०१४ या एका मिनिटाच्या पल्सवर काउंटर चालवावा. सीमेन्सच्या आयईसी टायमरला ही अडचण नाही, तो २४ दिवसांहून अधिक मोजतो. हीटरचा हा काउंटर टिकाऊ असलेला बरा. सहा तास तेल तापल्यावर पाच मिनिटे लाइट गेली म्हणून आठ तास पुन्हा मोजायला लावणे मालाला परवडत नाही. वीजखंड तासाभराहून मोठा असेल तेव्हाच तो शून्य करावा.

टायमर पूर्ण होणे म्हणजे परवानगी. तिला चालू होण्याचा आदेश समजू नये. बंद खोलीतल्या कॉम्प्रेसरने थर्मोस्टॅटच्या मागणीवर आपोआप उठणे योग्यच आहे, पण गार्ड, बेल्टचे आवरण आणि ‘यंत्र केव्हाही सुरू होईल’ ही पाटी हवी. प्रेस, लेथ, कन्व्हेयर, ग्रेडिंग लाइन यांना ही मोकळीक नाही. वीज गेली की माणूस अडकलेला माल काढायला हात घालतोच. यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक सांगते, की वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चालू होऊन धोका होणार असेल तर ते रोखले पाहिजे. तिथे टायमर पूर्ण झाल्यावर फक्त दिवा लागावा, आणि ऑपरेटरने बटण दाबल्यावर आधी भोंगा वाजून मगच पट्टा हलावा. इमर्जन्सी स्टॉपचे सर्किट तर टायमरच्या आणि प्रोग्रामच्या बाहेर, थेट वायरिंगनेच असावे.

एकाच पॅनेलवर अनेक मोटरी असतील तर प्रत्येकीचा विलंब वेगळा ठेवावा. थेट स्टार्टरवर मोटर उठताना पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट घेते. सगळ्या एकदम उठल्या तर व्होल्टेज कोसळते, फेज रिले सुटतो, सगळ्या बंद पडतात, आणि पाच मिनिटांनी तोच खेळ पुन्हा सुरू होतो. शेतीपंपांच्या ऑटो स्विचमुळे गावोगाव हेच घडते: लाइट येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करत असते. पॅनेलमध्ये हा प्रश्न सोडवणे सोपे आहे. पहिल्या कॉम्प्रेसरचा सहायक कॉन्टॅक्ट आल्यावर १५-२० सेकंदांनी दुसऱ्याला परवानगी मिळावी, आणि पहिला बंद ठेवलेला असेल तर दुसरा अडून बसू नये.

विलंबाचे आकडे स्क्रीनवरून बदलता येत असतील तर त्यांना खालची मर्यादा घालावी. मेमरी पुसली गेली आणि आकडा शून्य झाला तर टायमर सुरू होताच पूर्ण होतो. फर्स्ट-स्कॅन बिटाचा खरा उपयोग इथे आहे: सुरुवातीला आकडे तपासून, मर्यादेबाहेरचा दिसला तर सुरक्षित किंमत भरणे. स्क्रीन पीएलसीपेक्षा उशिरा उठते, म्हणून ‘थांबा, मोजणी चालू’ दाखवणारा एक साधा दिवा पॅनेलच्या दारावर असावा. तो नसेल तर ऑपरेटर यंत्र बिघडले समजून एमसीबी पाडतो-उचलतो आणि पाच मिनिटे पुन्हा पहिल्यापासून लागतात. एस७-१२०० वापरताना वीज आल्यावरची स्टार्टअप पद्धतही तपासावी. ‘स्टॉपमध्येच राहा’ निवडलेले असेल तर सीपीयू रनमध्ये जातच नाही आणि टायमर सुरूच होत नाही.

चाचणी खऱ्या एमसीबीवर घ्यावी. सॉफ्टवेअरमधून स्टॉप-रन केल्याने फर्स्ट-स्कॅन येतो, पण वीज जाण्याचे बाकीचे परिणाम दिसत नाहीत. आधी कॉम्प्रेसर चालू असताना मुख्य एमसीबी पाडून पीएलसीचे दिवे विझेपर्यंत थांबावे, मग उचलावा. नंतर पीएलसीचा सप्लाय ठेवून फक्त पॉवर सर्किट पाडावे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वायर क्षणभर काढून झटक्याची नक्कल करावी, अर्थात पॉवर सर्किट वेगळे केलेले असताना. टायमर अर्ध्यावर असताना वीज घालवून तो शून्यावरून निघतो का ते पाहावे, आणि जनरेटरवर जाणे-येणे दोन्ही करून बघावे. सहायक कॉन्टॅक्टची वायर काढून अलार्म येतो की नाही तेही तपासावे. प्रत्येक वेळी हातातल्या घड्याळाने पाच मिनिटे मोजावीत, कारण १० आणि १०० मिलिसेकंदांच्या टायमरांची अदलाबदल झाली तर पाच मिनिटांची तीस सेकंद होतात आणि स्क्रीनवर ते लक्षात येत नाही. वीज गेल्याची संख्या आणि शेवटची वेळ टिकाऊ मेमरीत नोंदवून ठेवली तर पुढे कॉम्प्रेसर बिघडला तेव्हा दोष सप्लायचा, वायरिंगचा की प्रोग्रामचा हे शोधताना त्या नोंदीचा उपयोग होतो.